जैनबबीच्या ओढणीचा रंग

दुपारचा चहा गाळत असताना फोन वाजला आणि चंदानं एका हातात गाळणी तशीच धरून दुसऱ्या हातानं फोन उचलून पाहिलं, तर फोटोत ओढणी. गच्चीवरच्या दोरीवर वाळत घातलेली, अजून ओली, मागे पाण्याची काळी टाकी आणि अकोल्याचं ते पांढरंफटक ऊन. ओढणी फिरोजी होती. कुठलातरी फिरोजी नव्हे; चंदानं आपल्या खोलीत, आपल्या खुर्चीवर बसून, माउसचं चाक मागेपुढे करून जो ठरवला होता तोच, तेवढाच निळा आणि तेवढाच हिरवा. खाली अमरीननं लिहिलं होतं, 'मॅडम, रंगरेजाला तुमचा व्हिडिओच दाखवला. आधी चुकला, मग बरोबर जमवलं. अम्मीचाच आला ना रंग? रविवारी निकाहला तुम्हाला यायचंच आहे, नाही म्हणायचं नाही.' चहा कपाबाहेर, ओट्यावरून खाली चालला होता. चंदानं गाळणी ठेवली, ओटा पुसला, फडकं पिळलं, पुन्हा पुसला. दिवसभर ज्याला त्याला ती 'छान' म्हणून अंगठा पाठवत असते, पण या फोटोला काही तिचा अंगठा उठेना.

अमरावतीत काळमेघ मॅडम म्हटलं की पॉलिटेक्निकमधून बाहेर पडलेली पोरं, आता स्वतः टकली झाली तरी, अजून सावरून बसतात. चंदा तिथे टेलिव्हिजन शिकवायची. निवृत्त झाली, पाठोपाठ नवरा गेला, आणि भिंतींशी बोलायची वेळ येण्याआधी तिनं रुक्मिणीनगरातल्या घराच्या पुढच्या खोलीत जुन्या व्हिडिओ कॅसेटी संगणकावर उतरवून द्यायचं काम काढलं. लोक लग्नाच्या कॅसेटी आणत, मुंजीच्या, कुणाच्या आजोबांच्या एकसष्टीच्या. गावात हे काम करणारे आणखीही होते, पण ते पिवळी वायर लावायचे आणि चंदाला पिवळ्या वायरीचा मनापासून तिटकारा. वर्गात ती सांगायची, चित्रात दोन गोष्टी असतात, उजेड किती आणि रंग कुठला. आधी नुसता उजेड होता, म्हणून टीव्ही काळापांढरा होता. रंग मागून आला, त्याला स्वतःचं घर नव्हतं, म्हणून तो उजेडाच्याच तारेत भाड्यानं राहिला. एकाच पिवळ्या वायरीतून दोघं येतात, आणि पलीकडे पोचल्यावर त्यांना वेगळं करायचं म्हणजे दुधातून साखर काढायची. इकडचं थोडं तिकडे राहतंच. बारीक रेघांचा सदरा घातलेला माणूस आला की उजेड रंगात शिरतो आणि सदऱ्यावर हिरवंजांभळं काहीतरी सळसळतं. लाल शालूच्या काठाशी रंग उजेडात शिरतो आणि तिथे बारीक ठिपके मुंग्यांसारखे चालत राहतात. चंदाची वायर निराळी होती. गोल तोंडाची, आत बारीक पिना, उजेडाची वाट वेगळी आणि रंगाची वेगळी; दोघांनी वाटेत एकमेकांना शिवायचं म्हणून नाही. पोरं तिला मॅडमची सोवळ्यातली वायर म्हणायची. चंदाच्या ते कानावर यायचं आणि आवडायचंही.

अमरीन या वायरीची कीर्ती ऐकूनच अकोल्याहून आली होती. बार्शीटाकळीच्या एका शाळेत शिकवणारी, तिशीतली, बोलण्याआधी क्षणभर थांबणारी. पिशवीतून तिनं रुमालात बांधलेली कॅसेट काढली. तिच्या मामूच्या लग्नाची, तिच्या जन्माच्या आदल्या साली झालेली. "सगळी नको मॅडम," ती म्हणाली, "एवढं एवढंसंच पाहिजे. त्यात अम्मी आहे." अम्मी, म्हणजे जैनबबी, अमरीन पाळण्यात असतानाच गेली. घरात तिचा धड फोटो नाही, कारण नानांना, म्हणजे अम्मीच्या वडिलांना, बायकांचे फोटो खपत नसत. एक ओळखपत्राएवढा काळापांढरा आहे, त्यात ती घाबरलेली दिसते. पण मामूच्या लग्नात शूटिंगवाल्याचा कॅमेरा चुकून बायकांच्या बाजूला वळला आणि जैनबबी त्यात सापडली, हातात शरबताचं ताट, हसत, आणि कॅमेरा दिसल्याबरोबर तिनं तळहात पुढे केला. नानांच्या धाकानं कॅसेट ट्रंकेत गेली ती तिथेच राहिली. "तिच्या ओढणीचा रंग बघायचाय," अमरीन म्हणाली, आणि मग कुणी हसेल म्हणून की काय, घाईघाईनं, "माझ्या निकाहला तशीच घालीन म्हणते. बाकी तिचं माझ्याकडे काहीच नाही. मामू सांगतात एक रंग, पण तो मी तुम्हाला सांगणार नाही. कॅसेट काय म्हणते ते बघू." हे म्हणताना ती पहिल्यांदा मोकळं हसली होती. चंदानं तिला चहा दिला आणि रंग येईल, काळजी करू नको, असं सांगून वाटेला लावलं.

बुरशी लागलेली कॅसेट पहिल्यांदा वाजते ती शेवटचीच, असं धरून चालायचं, हे चंदानं वर्षानुवर्षं पोरांना बजावलं होतं. म्हणून तिनं फीत स्पिरिटनं पुसली, हळूहळू पुढेमागे गुंडाळून घेतली, वायर लावली आणि पहिल्याच खेपेला सगळं उतरवून घेतलं. चित्र काळंपांढरं आलं. तिला नवल वाटलं नाही. फीत अशक्त झाली की रंग आधी जातो, उजेड मागून; माणसाचंही तसंच, असं ती वर्गात म्हणायची आणि पोरं वहीत लिहून घ्यायची. तिनं यंत्र थांबवलं नाही, वायर तपासली नाही. दोष फितीचाच असणार, आपला कसा असेल? संध्याकाळी दुसऱ्या कुणाच्या बारशाची कॅसेट लावली, नवीकोरी वाटावी अशी, आणि पाळण्यावरचे फुगेसुद्धा राखाडी दिसायला लागले तेव्हा ती खुर्चीतून उठली. वायर उपसून पाहिली. आतली एक पिन आडवी झोपली होती, रंगाची. म्हणजे फितीत रंग होता. फीत बिचारी शेवटच्या खेपेला उजेड आणि रंग दोन्ही घेऊन दारापर्यंत आली होती आणि चंदानं उजेडाला आत घेऊन रंगाच्या तोंडावर दार लावलं होतं. तिनं चिमट्यानं पिन सरळ केली, जैनबबीची कॅसेट पुन्हा लावली, आणि आतून ओला कपडा फाटल्यासारखा आवाज आला. यंत्र उघडलं तर भांड्याची कल्हई उडावी तसा फितीवरचा थर उडून तपकिरी भुकटी झाली होती, आणि ती नेमकी मधली, बायकांच्या बाजूची.

पिवळी वायर असती तर. राजकमल चौकातल्या त्या दुकानात, जिथून जाताना चंदा नाक मुरडायची, तिथे ही कॅसेट गेली असती तर रंग आला असता, गढूळ का होईना. आणि समजा यंत्रानं तो नाहीच दाखवला, तरी त्या एका वायरीतून रंगाचा माग उजेडात राहिला असता, ते मुंग्यांसारखे ठिपके. त्या ठिपक्यांवरून गेलेला रंग हिशेबानं परत आणणारी माणसं जगात आहेत, हे तिनं वाचलं होतं. तिनं जैनबबीची ओढणी पडद्यावर मोठी केली. आणखी मोठी केली. ओळीन् ओळ पाहिली, या काठापासून त्या काठापर्यंत. एकही ठिपका नव्हता. इतकं स्वच्छ चित्र तिनं आयुष्यात उतरवलं नव्हतं.

हे अमरीनला सांगायला काय धाड भरली होती? एक फोन करायचा, बाई गं, माझ्या हातून चूक झाली म्हणायचं. तोंडाशी आलंही होतं. पण अमरीनचाच फोन आधी आला आणि तिनं कशा आहात, बऱ्या आहात, काही न म्हणता एकदम विचारलं, "मॅडम, रंग आहे का?" आणि चंदाच्या तोंडून निघून गेलं, "आहे. पण फार खाली गेलाय. वर आणायला वेळ लागेल." खाली गेलाय, वर आणायचा, विहिरीत पडलेल्या बादलीबद्दल बोलतात तसं बोलली ती. पलीकडे अमरीन रडत होती की हसत होती ते कळत नव्हतं. त्या वेळी चंदाला वाटलं होतं, आपण या मुलीचं मन राखतोय. आता ओटा पुसताना तिला स्वच्छ दिसत होतं की मन कुणाचं राखलं. काळमेघ मॅडमची वायर खराब निघाली, मॅडमला ते कळलंसुद्धा नाही, ही गोष्ट अकोल्यापर्यंत जाऊ नये एवढीच धडपड होती ती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, आणि तिच्या मनात तेव्हापासून भर दुपारी लख्ख चांदणं पडलेलं होतं. तिला धड झोप लागत नव्हती, आणि शेजारणीनं सहज 'कशी आहेस' विचारलं तरी कुणीतरी काहीतरी सांगितलं असावं असं वाटायचं.

रंग देणं सोपं होतं, हीच तर पंचाईत. हल्ली संगणकाला सांगितलं की तो चेहऱ्याला चेहऱ्याचा रंग देतो, झाडाला झाडाचा. कापडाचा मात्र तुम्ही सांगायचा असतो. ओढणीचा राखाडी फिका होता. त्यावरून चंदाला एवढंच सांगता येत होतं की लाल नाही, जांभळा नाही, गडद काही नाही. बाकी गुलाबी, पोपटी, आकाशी, काहीही. उजेडाला त्यांच्यातला फरक कळत नाही. आणि तिच्या हातानं पहिल्यांदा कुठला लावला? हिरवा. विचार न करता. मुसलमानाघरची बाई, तर हिरवा. लावल्यावर तिला स्वतःचीच शरम वाटली. माहेरी चांदूर बाजारात अर्धी गल्ली मुसलमानांची, त्यांच्या ओसरीवर सागरगोटे खेळून ती लहानाची मोठी झाली, मैत्रिणीच्या, इफ्फतच्या घरचा शीरखुर्मा खाल्ल्याशिवाय तिची ईद झाली नाही, आणि डोक्यात शेवटी हेच निघावं. इफ्फतला तर तिनं कधी हिरव्यात पाहिल्याचं आठवत नव्हतं. म्हणून तिनं माउसचं चाक फिरवलं आणि हिरव्यातून निळ्याकडे सरकली, फार नाही, शरम जाईल एवढंच. तिथे फिरोजी होता. तो जैनबबीला शोभत होता हे मात्र खरं. हसताना तिनं मान जराशी कलती केली होती आणि फिरोजी तिच्या गालाशी असा आला होता की चंदा पाहतच राहिली, आणि पाहता पाहता तिला वाटायला लागलं, कोण जाणे, असेलही. मग तिनं ते अमरीनला पाठवून दिलं आणि ताट वाढून घेतलं.

वडिलांना ती यावरूनच बोलली होती. पुंजाराम, तिचे वडील, चांदूर बाजारात त्यांच्या गल्लीत पहिला टीव्ही त्यांनी आणला, काळापांढरा, आणि मग अमरावतीच्या कुठल्याशा दुकानातून त्याच्या तोंडावर लावायचा तो प्लास्टिकचा कागद आणला, वर निळा, मध्ये नारिंगी, खाली हिरवा. आभाळ निळं आणि जमीन हिरवी, बाकी मधल्यामध्ये. बातम्या देणाऱ्या बाईचं कपाळ निळं व्हायचं आणि गळा हिरवा, पण गल्ली खूश होती. "आता कसा खरा रंग दिसून राह्यला," पुंजाराम आल्यागेल्याला सांगायचे. चंदा तेव्हा अमरावतीला इलेक्ट्रॉनिक्स शिकत होती, सुटीत घरी आली होती, आणि सगळ्या लोकांसमोर म्हणाली, "बाबा, हे खोटं आहे. काढा तो कागद, गावात हसं होते आपलं." वडील भांडले नाहीत. खुर्चीवर चढून त्यांनी कागदाच्या चिकटपट्ट्या एकेक करून सोडवल्या. "तुले समजते बाप्पा, तू शिकेल आहे," एवढंच म्हणाले. लोक थोडा वेळ राखाडी बाईच्या बातम्या बघत बसले आणि उठून गेले. चंदा तेव्हा खरं बोलली होती, आणि तरी आज इतक्या वर्षांनी तिला त्यांचे ते चिकटपट्टी सोडवणारे जाड हात आठवतात. शेतीकामाच्या हातांना चिकटपट्टीचं टोक सापडत नव्हतं.

संध्याकाळपर्यंत फोटोला उत्तर गेलं नाही तेव्हा अमरीननंच फोन केला. "आवडला नाही का मॅडम?"

"छान आहे," चंदा म्हणाली. आणि जे विचारायचं नाही असं तिनं दुपारपासून ठरवलं होतं तेच विचारलं, "मामू काय म्हणाले?"

"मामू हरले," अमरीन हसली. "लहानपणापासून मला सांगत आले, प्याजी होती, प्याजी. मी म्हटलं घ्या, बघा. त्यांनी पाहिलं, पुन्हा लावायला लावलं, मग म्हणाले, हां बेटा, फिरोजीच आहे." मग म्हणाली, "पण मॅडम, तेव्हापासून गप्प असतात. आधी नुसतं अम्मी म्हटलं की सुरू व्हायचे, ती अशी हसायची, तसं म्हणायची, मला घेऊन कुठे बसायची. मीच म्हणायची, मामू, झालं हे सांगून. आता विचारलं तर म्हणतात, मले याद नाई. थकले असतील, लग्नाचं घर आहे."

फोन ठेवल्यावर चंदा पुढच्या खोलीत गेली आणि संगणक लावला. प्याजी तिला माहीत होता. नव्या कांद्याच्या वरच्या सालीचा, फिका, गुलाबीत जरा तांबूस झाक असलेला. तिनं तो ओढणीत भरला. उजेड तंतोतंत जुळला. जैनबबी प्याजी ओढणीतही तशीच हसत होती, तसाच हात पुढे करत होती. म्हणजे मामू बरोबर असू शकत होते. इतकी वर्षं एक माणूस एक रंग डोळ्यांत सांभाळून बसला होता, आणि चंदानं तो दोन बोटांनी पुसून टाकला होता. तिला बसवेना. गॅसवर दूध ठेवलं होतं ते उतू गेलं, आणि तिनं ते पुसलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळची अकोल्याची एसटी तिनं धरली. खिडकीतून गरम वारा येत होता, मूर्तिजापूर गेलं, आणि ती मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती. चुकलं. वायरीची पिन वाकली होती. नको, पिनेपासून सुरुवात केली की दोष पिनेवर जातो. मी खोटं बोलले. नको, एकदम असं म्हटलं तर मुलगी घाबरेल. तिला आठवलं, परीक्षेत नापास झालेली पोरं तिच्या केबिनीत येऊन अशीच वाक्यं जुळवत उभी राहायची आणि ती म्हणायची, फिरवून सांगू नको, सरळ सांग. शेजारच्या सीटवरच्या बाईनं तिला हरभऱ्याचे घाटे दिले. चंदानं ते सोलून खाल्ले आणि टरफलं हातातच धरून बसली. आपण तिथे कशासाठी चाललोय, त्यांचं परत द्यायला की आपलं ओझं उतरवायला, हे तिला काही केल्या ठरवता येत नव्हतं. अकोल्याचं बसस्टँड आलं तेव्हा बाईनं तिला हलवून सांगितलं, उतरा बाई, आलं.

घर जुन्या शहरात होतं. दाराला अजून झेंडूची माळ नव्हती, पण आत भाड्याच्या खुर्च्या एकावर एक लावून ठेवल्या होत्या आणि कुठेतरी मसाला भाजल्याचा वास येत होता. इनायतुल्ला, अमरीनचे मामू, तख्तावर बसले होते. सारी उमर बार्शीटाकळीच्या बाजारात कांद्याचा व्यापार केलेला माणूस, खांदे अजून रुंद, दाढी पांढरी. बहीण गेल्यावर तिची लेक यांनीच वाढवली. चंदाला पाहून ते उठले.

"या मॅडम, या. इकडं पंख्याखाली बसा. तुमचे लय उपकार झाले बाप्पा आमच्या लेकरावर."

चंदा बसली. अमरीन चहा करायला आत गेली. ती बाहेर येईपर्यंत बोलावं की ती आल्यावर, याचा विचार करत असतानाच चंदाच्या तोंडून गावाकडची बोली निघाली. "इनायतभाई, तुमी आता तिच्या मायचं काही सांगत नाही म्हणते अमरीन. काहून?"

त्यांनी हात झटकला. "जाऊ द्या ना मॅडम. म्हातारा झालो." मग दाराकडे पाहून, हळू आवाजात म्हणाले, "म्या या पोरीले सारी उमर सांगतलं का प्याजी होती. कांद्याची साल उन्हात धरून दाखो तिले, पाह्य, अशी. आन् निंघाली फिरोजी. मंग मले वाटलं, रंगच जर मी खोटा धरून बसलो, त बाकीचं काय खरं असन? जैनब हासे कशी, हिले मांडीवर घेऊन काय म्हणे, ते सारं म्या मनानंच त नसन लावलं? बिनमायच्या लेकराले खोटं कायले सांगा?"

"खोटं तुमी नाही सांगतलं," चंदा म्हणाली. "म्या सांगतलं." आणि मग सरळ सांगितलं. रंग कॅसेटीत होता, माझ्या चुकीनं गेला, फिरोजी मी माझ्या मनानं भरला. बोलताना तिला कळलं की अमरीन ट्रे घेऊन दारात उभी आहे, पण ती थांबली नाही, कारण थांबली असती तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. अमरीननं ट्रे तख्तावर ठेवला. कपांतला चहा जराही हिंदकळला नाही.

"तुम्ही वर आणते म्हणाला होतात," अमरीन म्हणाली.

"खोटं बोलले."

इनायतुल्ला दोघींकडे पाहत होते, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर एक समजूतदार हसू आलं, ज्याची चंदानं सगळ्या वाटेत कल्पना केली नव्हती. "तुमी भल्या घरच्या आहा मॅडम. मले बरं वाटावं म्हणून येवढ्या दूर आल्या. पण मशीन कुठं खोटं बोलते काय?"

तेव्हा चंदानं फोन काढला आणि मूळचं चित्र लावलं, राखाडी, स्वच्छ. जैनबबी ताट घेऊन आली, हसली, तिनं हात पुढे केला. "हे खरं आहे," चंदा म्हणाली. "एवढंच. याच्यापुढचं सगळं मी लावलेलं." त्यांनी फोन हातात घेतला, जवळ धरला, लांब धरला. अमरीन त्यांच्या खांद्यामागून पाहत होती. हळूहळू त्यांना पटत गेलं, ते चंदाला त्यांच्या मानेवरून दिसत होतं.

"याच्यात प्याजी बसते?" त्यांनी विचारलं.

"बसते. मी लावून पाह्यलं. बराबर बसते."

त्यांनी मान वर केली. चेहऱ्यावर काहीतरी परत येऊ लागलं होतं. ते अमरीनकडे वळले, आणि चंदाला वाटलं, आता आपण सुटलो. पण ते पुन्हा चंदाकडे वळले. कांदा खरेदी करताना पोत्यात खालपर्यंत हात घालून बघणारा माणूस तो, वरवरच्यावर भागणार नव्हतं त्याचं.

"आन् फिरोजी? थो बी बसते काय?"

चंदानं नाही म्हणायचं होतं. एवढ्याशा शब्दानं त्यांचा रंग त्यांच्या हातात परत गेला असता, आणि त्याच्याबरोबर जैनबबीचं हसणं, बोलणं, सगळं. कुणाचंही नुकसान नव्हतं. पण ती इथे खरं बोलायला आली होती. एसटीत बसून, घाटे सोलत, तिनं स्वतःला वचन दिलं होतं की आता एकही खोटा शब्द नाही, आणि ते वचन पाळताना तिला हलकं वाटत होतं, किती दिवसांनी. "तोही बसतो," ती म्हणाली. "उजेड दोघांचा सारखाच आहे."

त्यांनी मान हलवली आणि फोन परत दिला. "मंग त आता काही सांगता नाही येत," ते म्हणाले. "आता डोये मिटले का फिरोजीच दिसते मले. लय जोर लावून पाह्यलं म्या. कांदा हातात घेऊन बसून पाह्यलं. ताट दिसते, हात दिसते, आन् ओढणी फिरोजी."

"मामू, प्याजीच होती," अमरीन त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. "तुम्ही सांगायचे तीच. मी प्याजीच घालते."

"घाल बेटा. तुह्या मनानं घाल." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मले नको इचारू."

चहा तसाच राहिला. चंदा उठली तेव्हा इनायतुल्लांनी उठून सलाम केला, जेवून जा म्हणाले, आणि ते मनापासून म्हणत होते, हेच तिला सोसवेना. अमरीन तिला रस्त्यापर्यंत सोडायला आली. बराच वेळ दोघी रिक्षाची वाट पाहत उभ्या होत्या. समोरच्या दुकानात कुणीतरी पतंगी कागदाच्या झालरी निवडत होतं.

"तुमचा राग आला नाही अजून," अमरीन म्हणाली. "येईल, उद्यापर्यंत. पण एक सांगा मॅडम. मामूनं फिरोजी बसतो का विचारलं, तेव्हा नाही म्हणाला असतात तर?"

"ते खोटं झालं असतं."

"माझ्याशी खोटं बोललातच ना," अमरीन म्हणाली. आवाज चढला नव्हता, वर्गात मुलाला समजावून सांगावं तसा होता. "स्वतःसाठी बोललात. एक त्यांच्यासाठी बोलायचं होतं."

रिक्षा येऊन थांबली होती. अमरीननं चंदाला बसवून तिची पिशवी आत ठेवली आणि ती मागे वळून चालायला लागली. चंदाला वाटलं, अजूनही उतरावं, आत जावं आणि म्हणावं, चुकलं इनायतभाई, नीट पाहिलं मी, फिरोजी नाही बसत. पण आता तिचं कुणी खरं मानणार नव्हतं, आणि रिक्षावाला कुठे जायचं ते पुन्हा विचारत होता.